हिरवं करवंद, काळं करवंद

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी लॅब उघडून बसले, तर पहिलीच बाई रिपोर्ट न्यायला आलेली. हिमोग्लोबिन ८.९. तिनं रिपोर्टाकडे नुसती नजर टाकली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. करवंदांचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत ‘लोहाचा खजिना’. म्हणाली, "ताई, आमच्या घरामागं तर जाळ्याच जाळ्या आहेत. मग त्या लोहाच्या गोळ्या बंद केल्या तर चालतील ना? गोळ्यांनी मळमळतं."

मी चिपळूणजवळच्या एका लहानशा लॅबमध्ये गेली सोळा वर्षं रक्त तपासते. काउंटरवर उभ्या माणसाला सगळं समजावून सांगायला वेळ नसतो, मागे रांग असते. "गोळ्या बंद करू नका, करवंदंही खा आणि डॉक्टरांशी बोला," एवढंच तिला म्हटलं. पण तो प्रश्न दिवसभर डोक्यातून गेला नाही, कारण काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी स्वतःला विचारला होता आणि त्याचं चुकीचं उत्तर देऊन बसले होते. ते पुढे सांगतेच. आधी आजीकडे जायला हवं.

आजीचं घर संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला. घरामागे गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, आणि गडग्यापलीकडे लगेच चढ. त्या चढावर करवंदीच्या जाळ्या इतक्या दाट की ससा आत शिरला तर कुत्रा बाहेरच भुंकत उभा राही. फेब्रुवारीअखेरीस जाळ्यांवर पांढरी चांदणीसारखी फुलं यायची. संध्याकाळी वारा खाली वळला की वास पडवीपर्यंत येई, जुईच्या जवळचा पण थोडा जड. मार्चमध्ये हिरवी फळं धरायची, एप्रिलमध्ये त्यांच्या गालावर लाली चढायची आणि मे उजाडला की जाळी काळी. आम्ही पोरं करवंद फोडून आत बघायचो: लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. हा खेळ कोकणातल्या कोणत्याही माणसाला विचारा, त्याला येतो.

आजीच्या लेखी मात्र करवंद हे एक फळ नव्हतंच. हिरवं वेगळं, काळं वेगळं. "हिरवी जेवणात खायची गो बाय, काळी नुसती खायची. उलटं करशील तर खोकत बसशील," असं ती म्हणायची. आम्ही हिरवी करवंदं मीठ लावून नुसती खायचो आणि खरंच दुसऱ्या दिवशी घसा धरायचा. ओठांना चीक लागून ते चिकटायचे ते वेगळंच. मग खोबरेल तेल चोळायचं आणि गप्प बसायचं.

हिरव्या करवंदांची आजीची चटणी अशी: वाटीभर करवंदं ठेचून, बिया काढून, मिठाच्या पाण्यात अर्धा तास. त्या पाण्यावर चिकाचा पांढरा तवंग येतो, तो फेकून द्यायचा. मग अर्धी वाटी ओलं खोबरं, चार हिरव्या मिरच्या, पाच-सहा लसूण पाकळ्या, सुपारीएवढा गूळ, आणि पाट्यावर वाटायचं. उन्हाळ्यात जेवण नको वाटतं, भात बघूनच पोट भरतं, अशा दिवसांत ती चटणी पानात असली की नाचणीची भाकरी आपोआप संपायची. भूक मेली असेल तर आजी दुसरं औषध शोधत नसे. ऊन लागलं की हिरवी करवंदं उकडून, कुस्करून, गूळ-मीठ-जिरं घालून कैरीच्या पन्ह्यासारखं पन्हं. दुपारी शेतातून आलेल्या माणसाला तेच.

आणि एक गोष्ट तेव्हा मला फार अन्यायाची वाटायची. माझ्या धाकट्या भावाचा उन्हाळ्यात घोळणा फुटायचा, म्हणजे नाकातून रक्त यायचं. त्याला आजी हिरव्या करवंदाला हातसुद्धा लावू देत नसे. चटणी नाही, पन्हं नाही. काळी मात्र हवी तेवढी.

पुढे कितीतरी वर्षांनी, लॅबमध्ये आमच्याकडे नमुने पाठवणाऱ्या एका आयुर्वेदाच्या वैद्यांशी बोलताना हे मी सहज सांगितलं. त्यांनी कपाटातून भावप्रकाश हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ काढला. करवंदाचं संस्कृत नाव करमर्द. त्यात कच्चं आणि पिकलं यांचे गुण वेगवेगळे दिले आहेत. कच्चं आंबट, पचायला जड, उष्ण, तहान भागवणारं, तोंडाला चव आणणारं, पण रक्तपित्त आणि कफ वाढवणारं. पिकलं गोड, रुचकर, हलकं, पित्त आणि वात शमवणारं. रक्तपित्त म्हणजे नाका-तोंडातून रक्त जाणं. घोळणा त्यातच येतो. कफ म्हणजे आमचा धरलेला घसा. तहान म्हणजे ते पन्हं. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिला हे तिच्या सासूनं सांगितलेलं, सासूला आणखी कोणी. मी त्या वैद्यांच्या खोलीत खुर्चीवर बसले होते आणि मला एकदम आजीच्या हाताचा वास आला.

त्यांनीच आणखी एक दाखवलं. चरकसंहितेत दहा-दहा द्रव्यांचे गट केले आहेत, त्यातला एक गट ‘हृद्य’. हृदयाला हितकर आणि मनाला भावणारं, दोन्ही अर्थ त्या शब्दात आहेत. त्या दहांत आंबा आहे, अंबाडा आहे, करमर्द आहे, वृक्षाम्ल म्हणजे आपलं कोकम आहे, बोरं आहेत, डाळिंब आहे, महाळुंग आहे. सगळा आंबट फळांचा मेळा! यादी वाचताना मला ती आमच्या परसातच लिहिल्यासारखी वाटली. आंबट चव तोंडात गेली की माणूस जरा ताजातवाना होतो, जेवतो, हे ज्यानं कोणी पहिल्यांदा टिपलं त्याचं मला आजही कौतुक वाटतं.

आता मुळाबद्दल, कारण इथे जपून बोलायला हवं.

करवंदीचं मूळ कडू असतं आणि आमच्याकडे ते पोटात घेत नसत. बाहेरून लावत. काकांच्या बैलाच्या खांद्याला जू लागून जखम झाली आणि पावसाळ्यात तिच्यात किडे पडले, तेव्हा शेजारच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं मूळ खणून आणलं, ठेचून त्याचा लगदा जखमेत भरला. माशा बसायच्या थांबल्या. मी आठ-नऊ वर्षांची होते, नाक धरून उभी राहून सगळं बघितलं. माणसांच्या खरजेवर आजी तेच मूळ लिंबाच्या रसात उगाळून, कापूर घालून लावायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विल्यम डायमॉक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात कोकणातल्या या उपायाची नोंद आहे: करवंदीचं मूळ, लिंबाचा रस, कापूर आणि घोड्याचं मूत. आमच्या वाडीत घोडा नव्हता. त्यामुळे ते चौथं द्रव्य कधी गळालं की आमच्याकडे आलंच नाही, देव जाणे. पण बाकी तिन्ही जशीच्या तशी, शंभर वर्षांनंतर आजीच्या सहाणेवर होती. त्याच ग्रंथात ओडिशातल्या कटककडे ताप चढायला लागला की पानांचा काढा देत असल्याचंही आहे. आमच्याकडे पानांचा काढा मी कधी पाहिला नाही.

मूळ पोटात का घ्यायचं नाही, याचं कारण करवंदीच्या कुळात आहे. कण्हेर, पिवळी बिट्टी, सदाफुली, सर्पगंधा ही सगळी तिची भावंडं. पान खुडलं की बहुतेकांना पांढरा चीक येतो. हे फार ताकदीचं कूळ आहे. सदाफुलीपासून कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही औषधं मिळाली, सर्पगंधेपासून रक्तदाबावरचं रेसरपिन. आणि त्याच कुळातल्या कण्हेरीच्या किंवा बिट्टीच्या बिया खाऊन माणसं दगावतात, कारण त्यातली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर काम करतात. करवंदीच्या मुळातही हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं सापडली आहेत. म्हणून कोणी ‘करवंदीच्या मुळाचा काढा प्या’ असं लिहून पाठवलं, तर कृपा करून करू नका. अशा घराण्यात जन्मून या झुडपानं पोराबाळांनी ओंजळी भरभरून खावं असं फळ दिलं, मला त्याचंच अप्रूप आहे.

आता लोहाकडे येते.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं हिमोग्लोबिन ९.१ वर आलं होतं. बाईचं १२च्या वर हवं. ८ ते १०.९ म्हणजे मध्यम पंडुरोग. रोज दुसऱ्यांचे आकडे लिहिणारी मी, स्वतःचा आकडा लिहिताना हात थांबला. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यांनी पोट बिघडलं, शौचाला कडक व्हायला लागलं, तोंडाला गंजल्यासारखी चव. आठ दिवसांत मी गोळ्या सोडल्या आणि कुणीतरी पाठवलेल्या माहितीवर विश्वास ठेवून करवंदाची पूड मागवली. दीड महिना सकाळ-संध्याकाळ चमचाभर. मग माझं रक्त मीच तपासलं. ८.७.

त्या दिवशी मी घरी येऊन तो ‘खजिन्याचा’ आकडा शोधायला बसले. सगळीकडे तोच: १०० ग्रॅम करवंदात ३९ मिलिग्रॅम लोह. हा आकडा कोणी हवेतून काढलेला नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत तो आहे, पण सुक्या करवंदांपुढे! ताज्या करवंदाची ओळ तिथेच वेगळी आहे. ताज्या फळात दर १०० ग्रॅममागे ९१ ग्रॅम पाणीच असतं. पाणी उडालं की उरलेलं सगळं घट्ट होतं, जसं बासुंदीचं होतं. मग सुक्याचा आकडा ताज्याला लावून कसं चालेल? आणि सुकं करवंद १०० ग्रॅम रोज कोण खातं? माझी चमचाभर पूड म्हणजे फार तर पाच ग्रॅम. तिच्यात तक्त्याच्या हिशेबानंसुद्धा दोन मिलिग्रॅमच्या आसपास लोह. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम असतं. शिवाय झाडपाल्यातलं लोह आपल्या आतड्यात थोडंच शोषलं जातं. त्यावर जेवणानंतर लगेच चहा प्यायला तर आणखी कमी, आणि मला जेवण झाल्या झाल्या चहा लागायचा.

मला स्वतःचा राग आला. मी रक्ताचंच काम करते. मला कळायला हवं होतं.

गोळ्या पुन्हा सुरू केल्या, डॉक्टरांनी वेगळ्या दिल्या, दिवसाआड. चहा दोन तास लांब ढकलला. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या म्हणाले, कारण आंबट फळांतल्या क जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. तेव्हा मेअखेर होती. मी जेवणात करवंदाची चटणी आणि पिकलेली करवंदं ठेवली, कारण जेवण जाणं हेच माझं अवघड झालं होतं. तोंडाची गंजकी चव त्या आंबटगोडानं मोडायची आणि मी पोटभर जेवायला लागले. तीन महिन्यांनी ११.८. आकडा गोळ्यांनी वाढवला, यात मला शंका नाही. पण त्या गोळ्या निभावून नेण्याची ताकद मला पानातल्या करवंदानं दिली, हेही तेवढंच खरं आहे. चरकाच्या ‘हृद्य’ शब्दाचा अर्थ मला त्या तीन महिन्यांत कळला.

मधुमेहाचंही लोक विचारतात. कच्च्या करवंदाच्या अर्कावर उंदरांमध्ये प्रयोग झाले आहेत आणि साखर उतरलेली दिसली आहे. प्रयोगशाळेतला अर्क वेगळा, द्रोणातलं फळ वेगळं. मधुमेह असलेल्या माझ्या मावशीला मी सांगते, मूठभर ताजी खा, मुरंबा नको. कारण मुरंब्यात करवंदांच्या वजनाइतकीच साखर असते.

मुरंब्यावरून आठवलं, करवंदात पेक्टिन भरपूर. त्यामुळे जेली घट्ट करायला वेगळं काही घालावं लागत नाही. पिकत आलेली आणि थोडी लालसर अशी मिसळून घ्यायची, अगदी काळीच घेतली तर नीट धरत नाही. स्टीलच्या पातेल्यात किंवा मातीच्या भांड्यात शिजवायचं. कल्हई उडालेल्या पितळेत कधीच नाही, आंबटानं कळकतं. आणि हो, बेकरीतल्या केकवर, बनमध्ये ती लालभडक ‘चेरी’ असते ना, ती आपल्याकडे बहुतेक वेळा करवंदच असते. चीक काढून, रंग घालून, साखरेच्या पाकात मुरवलेली. माझ्या मुलीला हे कळलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. करवंद नको म्हणणारी ती, केकवरची चेरी मात्र आधी उचलून खायची!

खरेदी कुठे करायची म्हणाल, तर मे महिन्यात घाटरस्त्याला. कुंभार्ली घाटाच्या बाजूनं धनगरवाड्यावरच्या बाया पहाटे डोंगर चढून करवंदं काढतात आणि पानांच्या द्रोणात वाटे लावून बसतात. एका मावशींकडून मी गेली सहा वर्षं घेते. त्यांचे हात बघावेत एकदा. करवंदीचा काटा साधा नसतो, जोडीनं असतो आणि टोकाला कधी पुन्हा फाटा फुटतो. मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या-नव्या ओरखड्यांची जाळी. मी एकदा विचारलं, किती वेळ लागतो एक पाटी भरायला? म्हणाल्या, "पाटी कुठं मोजते, ऊन मोजते." ऊन तापायच्या आत उतरायचं, कारण तापलेलं फळ पाटीतच फुटतं. मोबाइलवर घरबसल्या मागवलेल्या पुडीवर मी जेवढे पैसे घालवले, तेवढ्यात या मावशींच्या दोन पाट्या आल्या असत्या. भाव करू नका त्यांच्याशी. वाटा २० रुपये म्हटला तर २० द्या.

त्यांच्याकडूनच शिकले: घरी आणल्यावर लगेच खायची नाहीत. पसरून रात्रभर ठेवायची, म्हणजे देठाचा चीक सुकतो. सकाळी मिठाच्या पाण्यातून काढायची आणि खायची. आणि वळवाचे एक-दोन पाऊस झाले की बास, त्यानंतर फोडून बघितल्याशिवाय तोंडात टाकायचं नाही, आळ्या होतात.

गेल्या वर्षी त्या म्हणाल्या की आता वर फार लांब जावं लागतं. खालच्या जाळ्या वणव्यात गेल्या, काही काजूसाठी साफ केल्या. आजीच्या घरामागचा चढही मी दिवाळीत पाहून आले. जेसीबीनं एका दिवसात सपाट केलेला, तांबडी माती उघडी, कडेला एक जाळी अर्धी उपटलेली. काजूला पैसा येतो, घेणाऱ्यानं जमीन घेतली, त्याला मी काय बोलणार? पण त्या जाळीत बुलबुल घरटी करायचे आणि तिची मुळं तो चढ धरून ठेवायची. पहिल्या पावसात माती गडग्यापर्यंत आल्याचं शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं.

दापोलीच्या कृषी विद्यापीठानं करवंदाची ‘कोकण बोल्ड’ नावाची मोठ्या फळाची जात काढली आहे. लावायला ती चांगली, कुंपणही होतं आणि फळही. पण मला आमच्या चढावरचीच हवी होती, ती बारीक, काळी, आतून लाल. मेमध्ये त्या अर्ध्या जाळीवर थोडी फळं धरलेली होती, ती काकूंनी एसटीतून पाठवली. करवंदाचं बी साठवून राहत नाही, सुकलं की रुजत नाही. म्हणून खाल्ल्याबरोबर धुऊन, राखेत घोळून, त्याच संध्याकाळी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावलं. वीस पिशव्या. तेरा रुजल्या. आता वीतभर झाली आहेत आणि पानं खुडल्यावर चीक येतो का हे मुलगी रोज बघते. मी तिला ओरडते, कारण तेराची बारा झाली तर मोजायला मीच बसणार आहे.

पाऊस नीट लागला की शनिवारी संगमेश्वरला जाऊन ती गडग्याच्या आतल्या बाजूनं लावायची आहेत. तेवढी जमीन अजून आमची आहे.